छायाचित्रावरून फिरणारा दुसरा हात

हौशी छायाचित्रकारांत एक वर्ग असा आढळतो, की कॅमेऱ्यातून जे चित्र निघाले त्यावरून मागाहून हात फिरवणे त्याला जवळजवळ लबाडीचे वाटते. आणि या सोवळेपणामागील सचोटी कितीही आदरणीय असली, तरी ज्या समजुतीवर ती उभी आहे, ती समजूत यंत्राच्या अंतरंगाशी जुळत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक स्वभावतः रंगांध आहे. आपल्यावर प्रकाश किती पडला, एवढेच तो मोजतो. रंगाची वार्ता त्याला कळावी म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्मे बिंदू हिरव्याच्या वाट्याला येतात, पाव तांबड्याच्या आणि पाव निळ्याच्या. प्रत्येक बिंदूचे राहिलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणिताने अजमावले जातात. पुढे त्या रंगांचा कल पिवळसर ठेवायचा की निळसर, सावल्या किती गडद, कडा किती धारदार, यांचे निर्णय कोणीतरी घेतल्यावाचून त्या आकड्यांचे चित्र होतच नाही. ज्याला आपण ‘जसेच्या तसे’ म्हणतो, त्या छायाचित्राचे संस्करण कॅमेरा घडवणाऱ्या अभियंत्यांनी आपल्याला न विचारता आधीच उरकलेले असते. तेव्हा संस्करण शिकणे म्हणजे हा अधिकार त्यांच्याकडून आपल्याकडे घेणे, आणि अधिकारामागोमाग येणारी जबाबदारीही पत्करणे.

हा अधिकार संगणकाच्या जन्मापूर्वीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या असत, की समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. म्हणून १८५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्हांतून एकच चित्र छापण्याची युक्ती योजिली. अमेरिकेतील अन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदय टिपला आणि पुढे कित्येक वर्षे ते त्याच निगेटिव्हच्या प्रती काढीत राहिले. आरंभीच्या प्रतींत जे आकाश फिकट आणि ढगाळ दिसते, तेच उत्तरकालीन प्रतींत जवळजवळ काळे झाले आहे. अंधारखोलीत एखाद्या भागावरील प्रकाश हाताने अडवून तो उजळ ठेवणे, किंवा अधिक प्रकाश देऊन तो गडद करणे, या क्रिया आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डॉज’ आणि ‘बर्न’ याच जुन्या नावांनी नांदत आहेत.

शिकाऊ माणसाने पहिला विचार करावा तो फाइलच्या प्रकाराचा. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या मावतात, तर संवेदकाची कच्ची नोंद साठवणाऱ्या चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यातही संवेदकाचे मोजमाप सरळ प्रमाणात चालत असल्यामुळे सर्वांत उजळ अशा एका स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एका टप्प्याच्या) वाट्याला यांतील निम्म्या पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला त्यांच्या निम्म्या, आणि असे करता करता सावल्यांच्या पदरात मोजक्याच पडतात. गडद भाग फार उजळला की तिथे कणकण दिसू लागतात, त्यामागे ही वाटणी आणि अल्प प्रकाशातील मूळची खळबळ अशी दोन्ही कारणे असतात. रॉ फाइलची दुसरी सोय अशी, की संस्करण करताना मूळ नोंदीला धक्का लागत नाही. कचेरीतल्या अस्सल कागदाला हात न लावता समासात शेरे मारावेत, तसे आपले सर्व फेरफार निराळे नोंदले जातात आणि वाटेल तेव्हा रद्द करता येतात.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. आषाढी वारीत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिवेघाट चढते, त्या वेळचे छायाचित्र आपण काढले आहे असे समजा: वर पावसाळी आकाश, दोन्ही अंगांस हिरवे डोंगर, पांढरी धोतरे आणि टोप्या, भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि उन्हापावसाने रापलेले चेहरे. चित्र प्रथम सरळ करावे, कडेचा अनावश्यक भाग कापावा, आणि मग हिस्टोग्राम नावाच्या आलेखाकडे पाहावे. डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा आणि मध्ये साऱ्या मधल्या छटा, असा हा ताळेबंद असतो. त्याचा डोंगर उजव्या भिंतीवर जाऊन आदळला असेल, तर टोप्यांतील किंवा आकाशातील तपशील कायमचा गेला. संवेदकाने जे टिपलेच नाही, ते ‘हायलाइट्स’चा दांडा कितीही मागे ओढला तरी परत येत नाही. सावल्यांतला तपशील मात्र बहुधा दडलेला असतो आणि तो बेताने वर आणता येतो.

यानंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा पिवळसर वा निळसर कल ओळखून पांढऱ्याला पांढरे ठेवणे. जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बचा पिवळा प्रकाश सुमारे २,८०० केल्व्हिन, भर दुपारचे ऊन सुमारे ५,५००, आणि ढगाळ आकाशाचा किंवा सावलीतला निळसर प्रकाश ६,५०० किंवा त्याहून अधिक, असा हा हिशेब आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. चित्रातील पांढऱ्या अथवा करड्या वस्तूवर त्याने टिचकी मारली, की ती वस्तू निर्विकार धरून बाकीचे रंग बसवले जातात. पण वारकऱ्याच्या धोतरावर टिचकी मारून निर्धास्त होणाऱ्याची येथे फसगत व्हायची, कारण ते धोतर नीळ देऊन धुतलेले असण्याचा संभव दांडगा, आणि मुळातच निळसर असलेल्या वस्त्राला पांढरे मानल्यावर अवघी दिंडी पिवळी पडते. यंत्राच्या सूचनेची खातरजमा शेवटी डोळ्याने आणि स्मृतीने करावी लागते.

रंगांच्या बाबतीत भगवी पताका ही मोठी परीक्षक आहे. एकंदर आलेख सुरक्षित दिसत असतानाही तिच्यातील तांबड्याचा आलेख टोकाला भिडलेला असू शकतो, आणि मग कापडाच्या चुण्या नाहीशा होऊन केवळ एक सपाट केशरी ठिगळ उरते. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे तपासावेत. ‘सॅच्युरेशन’ सर्वच रंग सरसकट चढवते, तर ‘व्हायब्रन्स’ मुख्यतः फिकट रंगांना उचलून धरते आणि त्वचेच्या छटांना जपते. नवशिक्याचा हात इथेच सैल सुटतो. आषाढातील डोंगर आधीच इतके हिरवे असतात, की त्यांवर आणखी हिरवा चढवणे म्हणजे डोळ्यांना त्रास देणे होय.

चेहऱ्यांपाशी मात्र तंत्राचा प्रश्न विवेकाचा होतो. टोपीखाली सावलीत बुडालेला चेहरा ब्रशने थोडा उजळणे योग्यच, कारण प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो दिसलाच होता. परंतु सावली काढता काढता माणसाचा वर्णही गोरा करणे, ही त्या माणसाची परवानगी न घेता त्याच्याविषयी केलेली खोटी नोंद आहे. बरेच मोबाइल ही मखलाशी ‘ब्यूटी’च्या नावाखाली करतात, तेव्हा ती सोय प्रथम बंद करावी. रापलेल्या कातडीवरील सुरकुत्या आणि घामाची चकाकी यांतच त्या चालीचे श्रम उमटलेले असतात.

पताकेआड उभा असलेला विजेचा खांब किंवा रस्त्यावर पडलेली बाटली पुसून टाकावी काय? आपल्या भिंतीवर लावण्याच्या चित्रात ज्याची त्याला मुभा आहे. पण चित्र वृत्त वा दस्तऐवज म्हणून पुढे करायचे असेल, तर ही मुभा संपते. फेब्रुवारी १९८२ च्या अंकात ‘नॅशनल जिओग्राफिक’ने उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गीझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर दीर्घकाळ टीका झाली; ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत चित्रात काही घालण्यास वा त्यातून काही काढण्यास मज्जाव आहे, आणि अंतिम टप्प्यांत मूळ फाइल मागवून तपासली जाते. प्रकाशाची तडजोड आणि घटनेतील फेरफार यांमधील ही सीमा नवशिक्याने पहिल्या दिवसापासून ओळखावी.

साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. अॅडोबीचे लाइटरूम पैसे मोजून घ्यावे लागते; डार्कटेबल आणि रॉथेरपी विनामूल्य आहेत, आणि मोबाइलवर स्नॅपसीड आहे. एक निवडावे आणि त्याच्याशीच काही महिने राहावे. दुसऱ्याने तयार केलेली प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत लागू होणारे आयते फेरफार, आरंभी दूर ठेवावीत, कारण त्यांत निर्णय पुन्हा परक्याच्या हाती जातो. पडदा अतिप्रखर ठेवून काम केल्यास छापील प्रत काळवंडते, म्हणून तो मध्यम उजेडात ठेवावा. कडांची धार शेवटी, चित्र ज्या आकारात वापरायचे त्या आकाराला लावावी. आणि काम संपले असे वाटले, की चित्र एक रात्र बाजूला ठेवून सकाळी मूळ प्रतीशेजारी पाहावे. आदल्या दिवशी चढवलेले पुष्कळसे रंग तेव्हा उतरवावेसे वाटतात.

या अभ्यासाचे अव्वल फळ अखेर संगणकाबाहेर मिळते. ज्याने घरी बसून तपशील गेलेल्या टोप्या आणि सपाट पताका वारंवार पाहिल्या, तो पुढल्या वर्षी घाटात उभा राहिला असता बटण दाबण्यापूर्वीच एक्स्पोजर थोडे उतरवतो, आकाश कमी घेतो, खांब चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधतो. दिवसेंदिवस दांडे ओढण्याचे काम कमी होऊ लागले, म्हणजे शिक्षण मार्गी लागले असे खुशाल समजावे.