बिब्बा : उपयोग आणि अपाय

चालत्या कामात कोणी मोडता घातला म्हणजे त्याने बिब्बा घातला असे आपण म्हणतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील सागवानी रानात वाढणाऱ्या या झाडाची पारख त्या एका वाक्प्रचारात झालेली आहे. संस्कृतात यास भल्लातक म्हणतात. अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा, असेही दुसरे नाव आहे. आंबा व काजू हे याचेच सगोत्र होत.

हिवाळ्यात फळ पिकते. त्याचा नारिंगी, मांसल भाग लोक सुकवून खातात. त्याच्या टोकाची काळी बी तोच बिब्बा. दाह करणारे तेल तिच्या टरफलात असते. आतील गोडंबी पौष्टिक व निरुपद्रवी असते. मात्र ती काढणाऱ्या बायांची बोटे काळी पडतात, तोंडे सुजतात, आणि गोडंबीचा भाव करताना हे कोणाच्या ध्यानी येत नाही. हातांस आधी खोबरेल तेल चोळावे, आणि चीक लागताच साबणाने धुवावे.

पायात काटा मोडला किंवा टाचेस भेग पडली की बिब्बा दाभणास टोचून दिव्यावर धरतात व तेलाचा थेंब तेथे टिपतात. बैलाच्या जखमी खुरासही हाच उपचार करतात. या तेलात चुना मिसळून परीट कपड्यांवर खुणा करीत. ती खूण धुतल्याने जात नसे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर या खुणांमुळेच फोड उठले होते.

राठ टाचेचा उपचार नाजूक कातडीस लावणे हा मात्र शुद्ध अविचार होय. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की बेंबीभोवती बिब्ब्याचे चटके देतात. पोटदुखी राहते बाजूस, आणि मूल व्रणांनी बेजार होते. ही चाल बंद झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोटात घेण्याचे औषध वैद्य बिब्बा विटेच्या चुऱ्यात शुद्ध करूनच करतात. 1945 च्या औषधविषयक नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीतही भल्लातक आहे. घरगुती प्रयोगाने मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत.

धुऱ्यावरील झाड तोडावे लागल्यास त्याचे लाकूड चुलीत घालू नये. धुरानेही डोळे व तोंड सुजते. साठविलेले बिब्बे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.