एक संगणक, दोन पायथन



"घरी चालणारा प्रोग्रॅम शाळेत का चालत नाही?" हा प्रश्न संगणक कक्षात वारंवार कानी येतो. मग लगेच "जुने संगणक बदला" अशी सूचनाही होते. खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी मूळ कारण समजून घेणे बरे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अनेक आवृत्त्या आहेत. २००८ साली पायथन ३ आली, तेव्हा आधीचे बरेच प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालेनात. विंडोज ७ असलेल्या संगणकावर पायथन ३.८ पर्यंतच मजल जाते, ३.९ पासूनच्या आवृत्त्या तेथे चालत नाहीत. घरच्या नव्या संगणकावर मात्र पुढची आवृत्ती असते.

वडीलधाऱ्यांना मिरज जंक्शन आठवत असेल. पुण्याचा मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, आपला लोंढ्याकडचा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज राहिला आणि पंढरपूरची गाडी नॅरोगेज होती. तिन्ही रूळ एकाच स्थानकात नांदत. पण एका गेजचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. पायथनच्या जोड-संचांचेही तसेच आहे. गणितासाठीचा 'नमपाय' हा संच घ्या. त्याचा काही भाग सी भाषेत लिहून विशिष्ट आवृत्तीसाठीच तयार केलेला असतो. ३.८ ला चालणारा शेवटचा नमपाय १.२४ मालिकेतला. शिवाय प्रत्येक आवृत्तीचे संच ठेवण्याचे कपाट वेगळे असते. एकात बसवलेला संच दुसरीला दिसत नाही.

यावर उपाय असा. नव्या संगणकावर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी बसवता येतात. विंडोजवर पायथनसोबत येणाऱ्या 'पाय' या आज्ञेपुढे आवृत्तीचा आकडा द्यावा (टंकताना अक्षरे रोमन):

पाय -३.८ -एम पिप इन्स्टॉल नमपाय

म्हणजे संच ३.८ च्याच कपाटात जातो, आणि पिप त्या आवृत्तीला चालणारा संच आपणहून निवडतो. नुसते 'पिप' लिहिले तर तो कोणत्या कपाटात गेला हे कळत नाही. बहुतेक घोटाळा येथेच होतो. दुसरी चांगली सवय म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला 'व्हेनव्ह' वापरून स्वतंत्र कप्पा करणे. एकाचा बदल दुसऱ्याला बाधत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये आणि पायथन ३.८ ची २०२४ मध्ये थांबली. असे संगणक सरावाला उत्तम. पण ते इंटरनेटला जोडू नयेत. लागणारे संच दुसऱ्या संगणकावर उतरवून, तपासलेल्या पेन ड्राइव्हवरून आणावेत.

मुलांनो, प्रकल्पाच्या पहिल्या पानावर पायथनची आवृत्ती आणि वापरलेल्या संचांची यादी जरूर लिहा. दोन ओळींचे हे काम सादरीकरणाच्या दिवशीची धावपळ वाचवील, आणि चांगल्या स्थितीतले संगणक अकारण भंगारात जाणार नाहीत.

— मुख्याध्यापक