डिकी गेली कुठे?

मागच्या दिवाळीत आमच्या घरात सरळ सरळ दोन पक्ष पडले. जुनी सेडान विकून नवी गाडी घ्यायची होती. पप्पांचा पक्ष सेडानचा. "गाडी म्हणजे पुढे बॉनेट, मध्ये माणसं, मागे डिकी. बाकी सगळ्या जीपा!" काकांचा पक्ष उंच गाडीचा. आमचं शेत मोहोळच्या पुढे आहे आणि गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांनी त्या रस्त्याला अशा चाकोऱ्या पडतात की सेडानचं पोट घासल्याशिवाय राहत नाही. मी मेकॅनिकलला, म्हणून निकाल माझ्याकडे आला. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे आजीला मराठीतून ऑटोमोबाईल समजावताना माझी जी तारांबळ उडाली, त्यातून हा लेख तयार झाला. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आधी एक आकडा. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास ६५ टक्के 'युटिलिटी' प्रकारच्या, म्हणजे एसयूव्ही, क्रॉसओव्हर वगैरे होत्या. एकेकाळी साहेबाची गाडी म्हटली की पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर डोळ्यासमोर यायची. तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आज आपल्या जिल्ह्यात कुठल्याही साखर कारखान्याच्या सभेला जा, बाहेर फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओची रांग दिसेल. सेडान शोधावी लागते.

हे झालं कसं? गंमत म्हणजे यातला बराच इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली (नाव सुमंत मुळगावकरांच्या नावावरून, सुमो पैलवानांवरून नव्हे!). ती दहा माणसं घेऊन तुळजापूर-अक्कलकोट करायची गाडी, तिला ऐटीत कुणी मिरवत नसे. २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकला तयार होऊ लागली आणि 'जीप'मध्ये बसणं पहिल्यांदा रुबाबाचं झालं. पण या दोन्ही गाड्या मुळात ट्रकच्या जातीच्या. खाली शिडीसारखी मजबूत चॅसी, आणि तिच्यावर वेगळी बॉडी बोल्टने बसवलेली. खड्ड्यांना दणकट, पण वजनदार, आणि मागे बसलेल्याचं अंग खिळखिळं करणारी.

क्रॉसओव्हर म्हणजे नेमकं इथेच केलेला बदल. यात शिडी नसते. कारप्रमाणे बॉडी हीच चॅसी, त्याला मोनोकॉक म्हणतात. अंड्याचं कवच पातळ असूनही भार पेलतं, कारण भार सगळीकडे वाटला जातो, तसंच. वजन कमी, राईड कारसारखी, फक्त उंची जीपसारखी. महिंद्राची एक्सयूव्ही ५००, जी २०११ मध्ये चाकणच्या कारखान्यातून निघाली, ती अशीच मोनोकॉक होती. रांजणगावची टाटा नेक्सॉन (२०१७) हीदेखील. म्हणजे आज आपण ज्यांना सरसकट एसयूव्ही म्हणतो, त्यातल्या बऱ्याच मनाने कारच आहेत!

आता डिकीचा प्रश्न. २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' अशी व्याख्या करून तिच्यावरचा कर कमी केला गेला. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. ही चार मीटरची रेघ आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. आता तुम्ही डिझायनर आहात असं समजा. लांबी वाढवता येत नाही, मग जागा काढायची कुठून? वरून! माणूस पाय लांब करून रेलून बसला की जास्त लांबी खातो, खुर्चीत बसतो तसा ताठ बसवला की कमी. छप्पर उंच करा, माणसं ताठ बसवा, डिकीचा वेगळा डबा काढून टाका. जे तयार होतं ते सेडान नसतं. चार मीटरमध्ये बसवलेल्या सेडान आहेतच, पण त्यांची डिकी शेपूट तोडल्यासारखी दिसते, हे पप्पांनीही मान्य केलं.

अमेरिकेतही कायद्यानेच हातभार लावला. तिथे १९७५ च्या कायद्यानंतर मायलेजचे नियम कारला कडक आणि 'लाईट ट्रक'ला सैल राहिले, आणि एसयूव्ही ट्रकमध्ये मोजली गेली. मग श्रीमंतांसाठीही तेच बनू लागलं. मर्सिडीजची एम-क्लास १९९७, लेक्सस आरएक्स १९९८, बीएमडब्ल्यू एक्स५ १९९९, आणि २००२ मध्ये चक्क पोर्शेची केयेन. २०१८ मध्ये तर फोर्डने अमेरिकेत सेडान बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे एक अपवाद मात्र टिकून आहे. चाकणला बनणारी लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास अजून जोरात खपते, कारण तिचा मालक मागे बसतो. ज्याला ड्रायव्हर आहे त्याला पाय पसरायला जागा हवी, उंची नको.

आमच्या आजीला ड्रायव्हर नाही, गुडघेदुखी आहे. सेडानमध्ये बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं खाली वाकायचं, सुमोत चढायचं म्हणजे माळ्यावर चढायचं. बसल्यावर कंबरेचा सांधा जिथे येतो त्याला डिझायनर एच-पॉइंट म्हणतात. क्रॉसओव्हरमध्ये तो साधारण खुर्चीच्या उंचीवर येतो. नुसतं वळून बसायचं. जगभर वयस्कर, पैसेवाल्या गिऱ्हाइकांनी सेडान सोडली त्यामागे हे एक मोठं कारण आहे, फक्त जाहिरातीत गुडघे दाखवत नाहीत, डोंगर दाखवतात.

मी काकांच्या बाजूने निकाल देणारच होतो. पण पाडव्याच्या सकाळी काकांच्या मित्राची भलीमोठी उंच गाडी दारात आली. काका चालवून बघायला बसले. माझा चार वर्षांचा चुलतभाऊ बॉनेटसमोर उकिडवा बसून विझलेली भुईचक्रं गोळा करत होता. काकांना तो दिसलाच नाही. आई ओरडली म्हणून... पुढचं लिहीत नाही.

दुपारी मी टेप घेऊन बसलो. त्या गाडीत डोळ्यांची उंची दीड मीटर, दोन मीटर पुढे बॉनेटची कड १.१ मीटरवर. साधं समरूप त्रिकोणाचं गणित. उकिडवं बसलेलं पोर ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे बॉनेटपुढे अडीच मीटरपर्यंत ते दिसत नाही. आमच्या जुन्या सेडानमध्ये हेच अंतर १.१ मीटर भरलं. उंच बॉनेटची धडक पायांऐवजी छातीवर किंवा डोक्यावर बसते ते वेगळंच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस संस्थेने दाखवलं की बॉनेट साधारण एक मीटरपेक्षा उंच असेल, तर पादचारी दगावण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त.

उंचीचा दुसरा तोटा उलटण्याचा. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, याला स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर म्हणतात. अंतर १.५ मीटर आणि उंची ०.५५ धरली तर १.३६ येतो. अंतर १.५५ पण उंची ०.६८ केली की १.१४. आकडा जितका कमी तितकी गाडी उलटायला सोपी. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली उंच गाडी घ्यायची नाही, ही माझी पहिली अट होती. दुसरी, बॉनेट उतरतं हवं. तिसरी, पुढे कॅमेरा.

शेवटी तिन्ही अटींत बसणारी चार मीटरची क्रॉसओव्हर आली. पप्पा अजून मागचं दार उघडून "याला काय डिकी म्हणायचं?" असं पुटपुटतात. आणि काका गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय ती चालू करत नाहीत. आजीला वाटतं ते प्रदक्षिणा घालतात, म्हणून ती आतूनच हात जोडते.