स्पीकर बदलण्याआधी कान तपासा

माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेत. वय ६४. शास्त्रीय संगीताचा नाद जुना. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने मोठे स्पीकर आणि त्यांना जुळणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. गेलं वर्षभर त्यांची एकच तक्रार, ‘‘आवाज मिटलाय हो. तंबोऱ्याची जवारी पूर्वी कशी खुलायची! आता नुसतं घुमतं.’’ दुकानदाराने नवी जोडी सुचवली. किंमत साडेतीन लाख. मुदतठेव मोडावी का, असं त्यांनी मला विचारलं. मी उलट विचारलं, ‘‘कानांची तपासणी शेवटची कधी केली होतीत?’’ कधीच केली नव्हती.

आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. हवेतल्या कंपनांचं मेंदूला समजेल अशा संदेशात रूपांतर करण्याचं काम त्या करतात. तीव्र, म्हणजे उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी आंतरकर्णाच्या सुरुवातीलाच असतात आणि साधारणपणे त्याच आधी झिजतात. गेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. तरुण कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. साठीनंतर अनेकांना दहा-बारा हजारांच्या पलीकडचं फारसं ऐकू येत नाही.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवला, की मूळ स्वरासोबत त्याचे अनेक उंच उपस्वर झंकारतात. तीच जवारी. ते उपस्वर कानच टिपत नसतील, तर कितीही महागडा स्पीकर आणला तरी उपयोग काय? हा बदल इतका सावकाश होतो, की दोष कानाचा असं माणसाला वाटतच नाही. तो टीव्हीला, स्पीकरला किंवा पुटपुटणाऱ्या नातवंडांना दोष देतो.

वॅटचं गणित

अ‍ॅम्प्लिफायर घेताना बहुतेकांची नजर वॅटवर जाते. पण ५० ऐवजी १०० वॅटचा घेतला, तर आवाजाची कमाल पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा ‘वाटण्यासाठी’ सुमारे दहापट शक्ती लागते. दिवाणखान्यात निवांत ऐकताना स्पीकरला सरासरी एखादा वॅट पुरतो. मात्र तबल्याची खणखणीत थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर गेली, तर त्या क्षणापुरती तीसपट शक्ती हवी असते. राखीव ताकद हवी ती एवढ्यासाठी.

जुळणीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली संवेदनशीलता : एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. हा आकडा ८४ असलेल्या स्पीकरला ८७ असलेल्यापेक्षा दुप्पट शक्ती लागते. दुसरी रोध : ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही स्वरांना ४ ओहमपर्यंत उतरू शकतो आणि तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरला जास्त विद्युतप्रवाह द्यावा लागतो. आवाज वाढवताच अ‍ॅम्प्लिफायर फार तापत असेल, बंद पडत असेल किंवा आवाज फाटत असेल, तर तो बदलण्याला कारण आहे. यातलं काहीच होत नसेल, तर नुसते वॅट वाढवून फारसं हाती लागत नाही.

खोलीही वाजते

आपण नुसता स्पीकर ऐकत नाही, खोलीसकट ऐकतो. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचं अंतर असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज तिथे घुमतो. स्पीकर कोपऱ्यात ढकलले, की हे घुमणं वाढतं. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या उंच स्वर परतवून लावतात आणि शब्द अस्पष्ट होतात. स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे घेणं आणि मध्ये जाडसर सतरंजी टाकणं, याला जवळपास काहीच खर्च येत नाही. फरक मात्र कित्येकदा नव्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा अधिक जाणवतो.

डोळ्यांनी ऐकू नका

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले. आकार, रूप आणि नाव यांचा कानांवर प्रभाव पडला होता.

दुसरा चकवा आवाजाच्या पातळीचा. दोनपैकी एक संच किंचित मोठ्याने वाजत असेल, तर तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. म्हणून शक्य असेल तर नवा संच चार दिवस घरी मागवा. दोन्हींची पातळी मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने सारखी करा. घरातल्या कुणाला तरी तारा बदलायला सांगा, तुम्ही पाठ फिरवून बसा आणि ओळखीची तीच ध्वनिमुद्रिका ऐका. दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आलं, तर तो निव्वळ अंदाज आहे. पैसे खिशातच ठेवा.

आणि कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा जेमतेम चार तासांवर येते. आवाज वाढवून उरलेल्या पेशीही आपण खर्ची घालतो.

आमच्या स्नेह्यांच्या तपासणीत ४००० हर्ट्झच्या पुढे दोन्ही कानांचा आलेख खाली उतरलेला दिसला. ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ चुकतात, म्हणून नातीचं बोलणं दोनदा विचारावं लागत होतं, हेही तेव्हा उलगडलं. स्पीकरही अगदी निर्दोष नव्हते. कोनाभोवतीची फोमची कड भुगा झाली होती. ती तपकीर गल्लीतल्या कारागिराने किरकोळ खर्चात बदलून दिली. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी श्रवणयंत्र घेतलं, मुदतठेवीतला थोडाच भाग मोडून.

परवा भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘जवारी पूर्वीइतकी नाही हो येत. पण नातीचं एकदाच ऐकून कळतं.’’ अ‍ॅम्प्लिफायर अजून जुनाच आहे.