शेळी की बैल?

परवाची गोष्ट. शेजारच्या शेतकरी कुटुंबातला दहा वर्षांचा मुलगा चांदवडच्या आमच्या ओसरीवर शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव करीत बसला होता. प्रश्न होता, 'गटात न बसणारे नाव ओळखा : गाय, म्हैस, शेळी, बैल.' त्याने बेधडक शेळीपुढचा गोल काळा केला. पुस्तकात मागे दिलेले उत्तर होते 'बैल'. गेला एक गुण!

"शेळी का रे?" मी विचारले.

"सर, बाकी तिघांचं शेण असतं. शेळीच्या लेंड्या!"

आता हसावे की शाबासकी द्यावी? वीस वर्षे मराठी शिकवूनही मला हे सुचले नसते. गोठा झाडण्याची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही ना!

प्रश्नांच्या या भागाचे नाव 'बुद्धिमत्ता चाचणी'. मग इथे मोजले काय गेले? मुलाची बुद्धी, की प्रश्न काढणाऱ्याच्या मनातले ओळखण्याची हातोटी?

अशा चाचण्यांचा पाया आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये घातला. कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत हवी, हे हुडकण्यासाठी. हुशारीचा कायमचा शिक्का मारण्यासाठी नव्हे. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मोजपट्टी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला. पॅरिसची पट्टी आपल्याकडे आणताना बेतावी लागते, तर शहरातली पट्टी गोठ्यात आणताना नको का?

म्हणजे चाचण्या टाकाऊ का? मुळीच नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेली 'असर' पाहणी घ्या. कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. तो वाचता येतो की नाही, हे ते नोंदवतात. त्यावरून मुलाची अक्कल ठरवीत नाहीत.

आमच्या बाजारात काटा कांद्याचे वजन सांगतो; तो कांदा चाळीत किती टिकेल, हे सांगत नाही. हा काट्याचा दोष नव्हे. काट्याला भलतेच विचारणाऱ्याचा!

शेवटी मी त्या मुलाला म्हटले, "अरे, बैल का नाही?"

"तो दूध देत नाही हे काय, कुणालाही कळतं, सर!"

तेव्हा वाचकहो, यंदा गुणपत्रिका घरी आली की चुकलेल्या एखाद्या उत्तरावर बोट ठेवून मुलाला एवढेच विचारा, "तुला असे का वाटले?" तो गुण गुणपत्रिकेत मिळायचा नाही, घरी मात्र अवश्य द्यावा.