गर्भ पडल्यानंतरचे दिवस

म्हैस गाभडली तर घरात काय धावपळ उडते ते शेतकरी वाचकांना सांगायला नको. गुरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. जार पूर्ण पडली की नाही हे रात्री बॅटरी घेऊन पाहिले जाते. तिला कोरड्या जागी वेगळे बांधतात, खुराक वाढवतात आणि पुन्हा माजावर कधी आली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. हेच घरातल्या बाईच्या बाबतीत घडले तर तिसऱ्या दिवशी ती निंदणीला गेलेली असते, आणि तारीख कुठेच लिहिलेली नसते.

हे सुचण्याचे कारण असे. वडोदरा जिल्ह्यात पादऱ्याच्या बाजूला खानदेशातून मजुरीला आलेली काही कुटुंबे आहेत. कापूस वेचायचा, तूर कापायची, मालकाची गुरे सांभाळायची आणि सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीत नेऊन घालायचे, असा त्यांचा दिवस. दवाखाना चालवणाऱ्या एका सिस्टरांबरोबर आम्ही तिकडे गेलो होतो. एक तिशीची बाई झाडाखाली बसली होती. ओठ पांढरे, दोन पावले चालली की धाप. सिस्टरांनी बाजूला घेऊन विचारले तेव्हा म्हणाली, "सिस्टर, पाळी बिघडलीय. बावीस दिवस झाले, थांबत नाही." आणखी थोड्या वेळाने खरे बाहेर आले. दोन महिने दिवस गेले होते. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून पाकीट आणून दिले. गोळ्या कशा घ्यायच्या ते दुकानदाराने तोंडी सांगितले, पुढे काय होईल ते कोणीच सांगितले नाही. शेजारणीने तर सल्ला दिला होता की पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.

गर्भपाताविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ती या पानावर पुन्हा मांडण्याचा हेतू नाही. गर्भ आपोआप पडो की गोळ्यांनी, शरीराला झीज भरून काढावीच लागते, आणि ती वाट दोन्ही वेळी जवळजवळ एकच असते. पोटात गर्भ वाढायचा थांबला असेल तेव्हाही डॉक्टर पुष्कळदा याच गोळ्या देतात. म्हणून हे सर्वांनीच वाचावे, पुरुषांनी तर जरूर.

गोळ्या दोन प्रकारच्या. मिफेप्रिस्टोन ही पहिली. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचे काम ती बंद पाडते. एक-दोन दिवसांनी घ्यायची ती मिसोप्रोस्टॉल. तिने गर्भाशय आकुंचन पावते आणि आतले बाहेर पडते. ही दुसरी गोळी घेतल्यावर काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. त्या दिवशी थंडी वाजणे, जुलाब होणे, थोडा ताप येणे हे गोळीमुळेच असते. पहिले काही तास पाळीपेक्षा बराच जास्त स्राव होतो, गाठीही पडतात. मग तो उतरत जातो आणि साधारण नऊ ते सोळा दिवस थोडा थोडा चालू राहतो. काही जणींना डाग महिनाभरही दिसतात. एक दिवस बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे, असेही चालते. प्रमाण कमी कमी होत असेल आणि अंगात ताकद येत असेल तर घाबरू नये.

घाबरायचे केव्हा ते मात्र नीट ध्यानात ठेवावे. एका तासात दोन मोठे पॅड भिजले आणि पुढच्या तासातही तसेच झाले, तर सकाळची वाट पाहू नये. आपल्याकडे पुष्कळ जणी कापड वापरतात, तेव्हा पॅडचा हिशेब चालत नाही. जाड चौपदरी घडी तासाभरात चिंब होत असेल तर तीच खूण समजावी. दुसऱ्या दिवसानंतरही १००.४ च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, गोळीने न थांबणारे ओटीपोटाचे दुखणे यांचा अर्थ आत काही राहिले आहे किंवा जंतू शिरले आहेत. जार अडकलेल्या जनावराचे काय होते ते आपण पाहिले आहे. उलट, दुसऱ्या गोळीनंतर चोवीस तासांत काहीच गेले नाही तरी दाखवावे. पोटाच्या एकाच बाजूला दुखणे, खांद्यात कळ, चक्कर ही लक्षणे गर्भ नळीत असल्याची असू शकतात. त्यावर या गोळ्या चालत नाहीत आणि तिथे जिवाला धोका असतो. गुजरातेत १०८ची गाडी २००७ पासून आहे, तिला फोन करावा. वडोदऱ्याला सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे सगळे ज्याला एसएसजी म्हणतात ते, रात्रंदिवस उघडे असते.

तिथे गेल्यावर खरे सांगावे: कोणती गोळी, कधी, किती. लाजेपोटी "नुसती पाळी बिघडली" म्हटले की डॉक्टर भलत्याच वाटेने जातात. गर्भपाताचा कायदा १९७१चा. २०२१च्या दुरुस्तीने त्यात बाईचे नाव उघड करण्यास डॉक्टरांना मनाई केली आहे. कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीलाच ते सांगता येते. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या चालतात, पण त्या नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. प्रत्यक्षात काय चालते? २०१५ सालच्या गर्भपातांचा एक मोठा अभ्यास झाला, ज्या सहा राज्यांत माहिती गोळा केली त्यांत गुजरात होते. देशातल्या दर चार गर्भपातांपैकी जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झालेले निघाले. पादऱ्याची ती बाई काही एकटी नव्हती.

आता पाळीविषयी. पुढची पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, कधी आठही लागतात. पहिली पाळी नेहमीपेक्षा जास्त जाऊ शकते किंवा लांबू शकते, पोटातही जास्त दुखते. दोन-तीन पाळ्यांत बहुतेकींचे चक्र पूर्वीसारखे बसते. लघवीची तपासणी मात्र चार आठवड्यांपर्यंत गर्भ आहे असेच दाखवू शकते, म्हणून घाईने ती करून जीव टांगणीला लावू नये. आठ आठवडे होऊनही पाळी आली नाही तर दाखवावे.

एक गोष्ट आमच्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. पाळी येण्याआधी बीज सुटते. साधारण तीन आठवड्यांत सुटते, कधी आठ-दहा दिवसांतही. दिवस मोजून संयम पाळणारी जोडपी जुना हिशेब इथे लावायला गेली तर फसतात, कारण मोजायला अजून नियमित चक्रच नसते. ते बसेपर्यंत दिवसांवर विसंबू नये. स्राव थांबेपर्यंत नवऱ्याने दूर राहावे हे तर झालेच.

विश्रांती किती? निजून राहण्याची गरज नाही. दोन-तीन दिवस जड ओझे, पाण्याचे हंडे, दुधाचे कॅन टाळावे, मग झेपेल तसे. कायद्याने गर्भ पडल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती कारखान्यात, मळ्यात, मोठ्या दुकानात नोकरीला असलेल्या बाईला. रोजंदारीवर कापूस वेचणारीला कोण देणार? तेवढे निदान घरच्यांनी करावे. २०१९-२१च्या सरकारी पाहणीत गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील पासष्ट स्त्रियांना रक्त कमी होते. त्यात पुन्हा रक्त गेले की भरायला महिने लागतात. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, लिंबू-आवळ्याबरोबर, चहाबरोबर नव्हे. सिकलसेलचे कार्ड असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बाजरी, हरभरा, पालेभाजी, अंडे, मासळी यांतले काहीही वर्ज्य नाही. जुन्या बायका "हे खाऊ नको, ते खाऊ नको" म्हणून ताटच रिकामे करतात, त्यांना नमस्कार करून गप्प बसवावे.

आणि पिशवी काढण्याविषयी. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, पोटदुखी, यावर कित्येकींना हाच उपाय सांगितला गेला होता. महिनाभर लांबलेला स्राव हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. कोणी तसे सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नये.

पादऱ्याच्या त्या बाईच्या पोटात थोडे राहून गेले होते. एसएसजीत ते काढले, रक्ताची एक बाटली चढवली. रडू येई म्हणाली, कारण कळत नसे. संप्रेरके एकदम उतरतात तेव्हा तसेही होते, आणि मनातलेही असतेच. सिस्टर पुढे दोन-तीनदा जाऊन आल्या. पाचव्या आठवड्यात पाळी आली, चार दिवसांत थांबली. नवऱ्याने ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, मालकाच्या म्हशीच्या तारखेशेजारी.