पिल्लाची आई कुठं हाय?

आमचे अण्णा खरसुंडीच्या यात्रेत खोंड घ्यायला जायचे तेव्हा पहिला दिवस नुसते हिंडायचे. सिद्धनाथाचं दर्शन उरकलं की एकेका दावणीपाशी थांबायचं, दात बघायचे, आदत आहे की दुसा झालाय ते ताडायचं, दहा पावलं चालवायला लावायचं. भाव ठरवायला उपरण्याखाली हेड्याच्या बोटांशी बोटं भिडायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "गाय कुठं हाय?" गाय माणात असली तर माणात जायचं, आटपाडीत असली तर आटपाडीत. आई बघितल्याशिवाय खिलार दारात आणायचं नाही.

अशा माणसाचा मी मुलगा, आणि मी लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं ते मोबाइलवरचा फोटो बघून.

विकणारा म्हणाला, विट्यापर्यंत कुठं येताय, मीच हायवेला येतो. ढाब्याच्या आवारात गाडीच्या डिकीतून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. पिल्लू गुबगुबीत, पोट टम्म. "आई फार्मवर आहे, लांब पडेल. पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झालीय." पाचव्या दिवशी ते ओकायला लागलं, सहाव्या दिवशी रक्ताची ढाळ. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. डॉक्टरांनी सलाईन लावता लावता ओठ वर करून बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, मागच्या दाढा अजून नीट आलेल्या नाहीत. हे महिन्याचंसुद्धा नसेल. आणि हे टम्म पोट म्हणजे बाळसं नव्हे, जंत आहेत." अण्णांच्या मुलानं दात बघितले नव्हते. सातव्या दिवशी पिल्लू गेलं.

त्या रोगाचं नाव पार्वो. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून ढाब्यावर ते शेपूट हलवत होतं. विकणाऱ्याला हे गणित चांगलं ठाऊक असतं. आईच्या पहिल्या चिकात पिल्लाला थोडं संरक्षण मिळतं, पण तेच संरक्षण लसीला नीट लागू होऊ देत नाही. त्यामुळं एका सुईवर काम भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा. "लस झालीय" या दोन शब्दांना अर्थ नाही. कार्डावर तारीख, लसीच्या बाटलीचं चिकटवलेलं लेबल आणि डॉक्टरची सही पाहिजे. हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. डॉक्टरांनी आम्हाला वर्षभर नवं पिल्लू आणू दिलं नाही.

त्या वर्षात मी 2017 चे केंद्राचे श्वानप्रजनन नियम वाचून काढले. निवृत्त मास्तराला दुसरा उद्योग काय! पैदास करणाऱ्यानं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला लावायचं नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, जन्मात पाचांच्या वर नाही. नियम चांगले आहेत. ढाब्याच्या आवारात ते कोण तपासणार?

दुसऱ्यांदा आम्ही कारवानी घ्यायचं ठरवलं. आमच्या दुष्काळी पट्ट्यात, जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत, धनगरांच्या वाड्यावर हे लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट पाठीला लागलेलं कुत्रं पूर्वीपासून दिसतं. पलीकडं कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, तिथल्या घोरपडे संस्थानिकांमुळं. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, 2016 मध्ये लष्करानं त्याची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्रच आहे, तिथून शेतकऱ्यांना पिल्लं मिळतात. पण नाव झालं की बाजार होतो. कुठलंही काटकुळं कुत्रं आता मुधोळ म्हणून खपतं.

तशी कुत्र्याची कदर आपल्याकडं नवी नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. तो कुणाच्या दारात जन्मला, हे मात्र कुणी सांगत नाही.

जत तालुक्यातल्या एका वाड्यावर गेलो. मालकानं आधी चहा दिला, पिल्लं नंतर. कुत्री लिंबाखाली पडली होती. मी म्हटलं, हाडं दिसतायत. तो हसला. "मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पायजेत, मास्तर. ही जात लोद्यासारखी झाली की गेली." कुत्री उठली, आमच्यापासून चार हात लांब उभी राहून आम्हाला निरखत राहिली. भुंकली नाही, दडलीही नाही. आईचा हा स्वभाव डोळ्यांनी बघायला मिळणं कुठल्याही कागदापेक्षा मोलाचं. कितवं वेत, विचारलं. तिसरं. बाप कुठला? शेजारच्या गावचा, मुद्दाम दुसऱ्या रक्ताचा. घरचाच नर पुन्हा पुन्हा लावला तर पिल्लं नाजूक निपजतात, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड घेणाऱ्यांनी आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागावा. या जातींत खुब्याचा सांधा पिढीजात सैल असू शकतो. केनेल क्लबचा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. आणि आटपाडीच्या उन्हात हस्की पाळणाऱ्यांना मी काय सांगू?

मग वाड्यावरच्या मालकानं माझी उलटतपासणी घेतली. घराला आवार आहे का? भिंत किती उंच? दिवसभर घरी कोण? "सशामागं सोडणार असशीला तर देत न्हाय, शिकारीला बंदी हाय." मला राग आला. पैसे मी देणार, आणि प्रश्न याचे! परतताना गाडीत लक्षात आलं, ढाब्यावरच्या माणसानं मला फक्त रक्कम विचारली होती.

पिल्लू त्या दिवशी मिळालंच नाही. सहा आठवड्यांचं होतं. "आजून दोन आठवडं भावंडांत राहू द्या. एकमेकास्नी चावून चावूनच शिकत्यात, किती चावायचं ते." दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. त्यानं लसीचं कार्ड दिलं, जंताचं औषध कधी पाजलं ते वहीच्या कागदावर लिहून दिलं, काय खातं ते सांगितलं, आणि नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला न देता परत आणा, असं बजावलं. निघताना कुत्रीच्या अंगाखालचं एक धडुतं ओढून पिशवीत कोंबलं. "चार रात्री हे अंथरा."

पहिल्या दोन रात्री पिल्लू त्या धडुत्यात तोंड खुपसून निजलं. हूं नाही की चूं नाही. तिसऱ्या रात्री उजाडेपर्यंत गळा काढून रडलं. आमच्या हिनं वास येतो म्हणून धडुतं धुवून दोरीवर वाळत घातलं होतं.